सही जुळत नाही

पतसंस्थेत काउंटरला बसून मला 23 वर्षं झाली. पैसे काढायची स्लिप समोर आली की नजर आधी रकमेवर जात नाही, सहीवर जाते. पूर्वी नमुना सहीची कार्डं लाकडी खणात असायची, आता ती स्कॅन होऊन कॉम्प्युटरवर आली, पण काम तेच. आडनावातल्या ‘ल’ची शेपटी नेहमी वर जाते ती आज खाली का गेली, शेवटचे दोन टिंब कुठे गेले, एवढं बघायचं. जुळली नाही तर स्लिप परत. आमच्याच एका संचालकांची स्लिप मी एकदा लागोपाठ दोन वेळा परत केली होती. तिसऱ्या वेळी त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला, सावकाश सही केली आणि जाताना म्हणाले, “तुम्ही सख्ख्या बापाचीही सही तपासाल.” मला ते कौतुकच वाटलं.

तर असा मी. आणि गेल्या जानेवारीत मी माझ्या फोनवर सही न जुळणारं ॲप बसवलं. फोनने मला स्वच्छ सांगितलं होतं. मी त्याला गप्प केलं.

कारण म्हटलं तर साधं. आई आमच्याकडे इंदिरानगरला असते. वय 78. जानेवारीत नाशिकच्या थंडीत पहाटे साडेपाचला कोणी पांघरुणाबाहेर हात काढत नाही, पण आईचा हरिपाठ त्याच वेळी सुरू होतो. पूर्वी रेडिओ होता. तो बिघडल्यावर मी माझ्या फोनवर गाण्यांचं एक ॲप लावून दिलं, त्यात अभंगांची यादी करून दिली आणि फोन तिच्या उशाशी ठेवायला लागलो. दोन अभंग झाले की जाहिरात. कधी रमीची, कधी कर्जाची, एकदा तर पुरुषांच्या बनियनची. आई काही बोलायची नाही. चिडायचो मी, आतल्या खोलीत झोपल्या झोपल्या. जाहिरात नको असेल तर महिन्याला शंभर-सव्वाशे रुपये भरायचे होते. रविवारी चौघं मिसळ खायला गेलो तर त्याच्या चौपट उडवतो, पण ॲपला पैसे द्यायचे म्हटलं की हात आखडतो. का ते मला आजही सांगता येणार नाही.

भाचा सिडकोत राहतो, कॉम्प्युटरचा डिप्लोमा करतो. संक्रांतीला तिळगूळ द्यायला आला तेव्हा त्याच्याकडे विषय काढला. तो म्हणाला, “मामा, मॉड टाका ना. प्रीमियम फुकट. आमच्या वर्गात सगळे तेच वापरतात.” मॉड म्हणजे मूळ ॲप उघडून, आतलं थोडं बदलून, परत बांधलेलं ॲप. “मी येऊन टाकून देतो, परीक्षा झाली की,” असंही म्हणाला. एवढी वाट कोण बघणार? शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर मी एकटाच बसलो. बायको म्हणाली, “अहो, पोराला येऊ द्या की.” मी म्हटलं, त्यात काय आहे एवढं.

शोधलं तर पन्नास पानं निघाली. जे उघडलं त्यावर हिरवी, निळी, केशरी अशी डाउनलोडची पाच बटणं होती. चार खोटी. एक दाबलं की फोनमध्ये विषाणू सापडल्याची भीती घालणारं पान, दुसरं दाबलं की कसलंसं बक्षीस. खरं बटण सगळ्यात बारीक अक्षरात होतं आणि त्यावर पंधरापासून उलटे आकडे मोजले जात होते. मोजणी संपली आणि जी फाइल उतरली ती गाण्याच्या ॲपची नव्हतीच. चार एमबीचा एक ‘इन्स्टॉलर’ होता. खाली कारण लिहिलं होतं: हे ॲप तुकड्यांमध्ये आहे, फोनला ते थेट बसवता येत नाही, म्हणून आधी आमचा इन्स्टॉलर घ्या.

हे कारण अर्धं खरं आहे, हे मला नंतर कळलं आणि म्हणूनच ते इतकं चपखल बसलं. ऑगस्ट 2021 पासून प्ले स्टोअरवर येणारी नवी ॲप्स एकसंध एपीके (अँड्रॉइड ॲप बसवायची फाइल) म्हणून द्यायची पद्धत बंद झाली. डेव्हलपर, म्हणजे ॲप बनवणारा, सगळं गाठोडं गूगलकडे देतो आणि स्टोअर प्रत्येक फोनला त्याच्या पडद्याला, भाषेला, प्रोसेसरला लागतील तेवढेच तुकडे पाठवतं. त्यामुळे बाहेर फिरणाऱ्या फाइली पुष्कळदा तुकड्यांच्या पुडक्याच्या रूपात असतात आणि ते पुडकं सोडवायला वेगळं ॲप लागतं. तशी सरळ ॲप्सही आहेत. माझ्या हाती आलं ते त्या पानवाल्याचं स्वतःचं होतं.

आता फोनचं बोलणं सुरू झालं. पहिल्यांदा ब्राउझर म्हणाला, ही फाइल हानिकारक असू शकते, तरीही ठेवायची का? ठेव. फाइलवर बोट ठेवलं तर फोन म्हणाला, सुरक्षेसाठी या स्रोताकडून अनोळखी ॲप्स बसवायला परवानगी नाही. खाली ‘सेटिंग्ज’. तिथे एक बटण उजवीकडे सरकवायचं. पूर्वी अँड्रॉइडमध्ये ‘अनोळखी स्रोत’ असा सगळ्या फोनला मिळून एकच खटका होता, तो चालू केला की दार सताड उघडं. 2017 मध्ये अँड्रॉइड 8 आलं तेव्हापासून ही परवानगी प्रत्येक ॲपला वेगळी द्यावी लागते. म्हणजे ब्राउझरला दिली तर ब्राउझरमधून आलेल्या फाइलीच बसतात, चॅटिंगच्या ॲपमधून आलेल्या नाहीत. मी ब्राउझरला दिली. काम झाल्यावर काढून घ्यायची असते हे डोक्यातही आलं नाही.

मग प्ले प्रोटेक्ट (ॲप तपासणारी गूगलची सोय) मध्ये पडलं. लाल ढाल, आणि खाली ठळक बटण: बसवू नका. पुढे जायचं असेल तर ‘अधिक माहिती’ उघडायची, तिच्या तळाशी फिकट अक्षरात ‘तरीही बसवा’. मी दाबलं. इथवर तीन इशारे झाले होते. इशारा आला की वाचायचा नाही, त्यातून पुढे जायची वाट कुठे आहे ते शोधायचं, असं माझं चाललं होतं. सरकारी कार्यालयात खिडकीवरच्या माणसाने ‘साहेब नाहीत’ म्हटलं की आपण शेजारच्या खिडकीकडे बघतो, तसं.

इन्स्टॉलर बसला आणि त्याने ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागितली. म्हणाला, तुकडे आपोआप जोडायला लागते. मी द्यायला गेलो तर फोनने ते बटण करडं करून ठेवलेलं. प्रतिबंधित सेटिंग, तुमच्या सुरक्षेसाठी सध्या उपलब्ध नाही. अँड्रॉइड 13 पासून बाहेरून आलेल्या ॲपला ही परवानगी सहजी देता येत नाही. कारण ही परवानगी मुळात दृष्टी नसलेल्या किंवा हात चालत नसलेल्या लोकांसाठी केलेली आहे. ती मिळालेलं ॲप पडद्यावरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. पण त्या पानावर यावरही तोड होती. ॲपची माहिती उघडा, वर कोपऱ्यातले तीन ठिपके दाबा, ‘प्रतिबंधित सेटिंगला परवानगी द्या’. ठिपके दिसत नसतील तर आधी एकदा करड्या बटणाला हात लावून या, मग दिसतील. चित्रं काढून, बाण दाखवून, क्रमांक घालून समजावलं होतं. आमच्या संस्थेचा केवायसीचा फॉर्मही इतका नीट समजावलेला नाही. फोनने शेवटी बोट ठेवायला सांगितलं. ठेवलं. पाठोपाठ त्याने आणखी एक पान दाखवलं, डिव्हाइस ॲडमिन का कायसं. तेही ‘सक्रिय करा’. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, मला ते संपवायचं होतं.

आणि आता खुद्द गाण्याचं ॲप. बसवायला घेतलं, पट्टी सरकली, आणि फोन म्हणाला, ॲप बसवलं नाही, आधीच्या पॅकेजशी संघर्ष होतोय. चार वेळा केलं, चार वेळा तेच.

इथे मात्र भाच्याला फोन लावला. तो जागाच होता. म्हणाला, “मामा, जुनं अनइन्स्टॉल करा आधी. सही जुळत नाहीये.”

‘सही’ हा शब्द त्याने वापरला होता. माझ्या कानात तो शिरला, बाहेर पडला. मी जुनं ॲप काढलं, नवं बसवलं, एका झटक्यात बसलं.

उघडल्यावर गूगलच्या खात्याने आत जायचं बटण चालेना. फिरायचं, फिरायचं आणि परत पहिल्या पानावर. त्यावरही सल्ला तयार होता: गूगलने जाऊ नका, ईमेल आणि पासवर्ड टाका. टाकला. माझा पासवर्ड तेव्हा सगळीकडे एकच होता, आईचं माहेरचं नाव आणि माझं जन्मवर्ष. मेललाही तोच.

मग गाणी सुरू झाली. खरंच जाहिरात नाही. सकाळी हरिपाठ सलग वाजला, मी रजईत पडून ऐकला आणि स्वतःवर खूश होऊन उठलो.

पहिला आठवडा उत्तम गेला. दुसऱ्या आठवड्यात बॅटरी दुपारीच पन्नासवर यायला लागली, तर मी म्हटलं फोन जुना झाला. मग एक दिवस पहाटे आईने हाक मारली. “अरे, हे कोणतं रे भजन?” जाऊन बघतो तर अभंगांच्या यादीच्या शेवटी ॲप आपल्या मनाने पुढचं काहीतरी लावत होतं, आणि ते म्हणजे ढोल, बाईचा आवाज आणि कळत नाही अशी भाषा. नुकतीच ऐकलेली गाणी म्हणून सगळी तसलीच दिसत होती. भाच्याला एक ओळ पाठवली तर त्याचं उत्तर आलं, पोर्तुगीज वाटतेय. ब्राझीलमध्ये कोणीतरी माझ्या खात्यावर गाणी ऐकत होतं. तरी मला काही सुचलं नाही! वाटलं, ॲपचीच काहीतरी गडबड. आई म्हणाली, “चाल बरी आहे पण.”

लक्षात आलं ते बुधवारी. गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात मी ऑफिस सुटल्यावर जातो, आठवड्याची भाजी तिथूनच. (बाहेरच्या लोकांसाठी सांगतो, आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.) मेथीच्या चार जुड्या, वाटाणा, गाजरं घेतली आणि पैसे द्यायला बँकेचं ॲप उघडलं. उघडलं नाही. पांढरा पडदा, त्यावर मजकूर: तुमच्या फोनवर एका ॲपला ॲक्सेसिबिलिटीची परवानगी आहे, सुरक्षेसाठी आम्ही पुढे जाऊ शकत नाही, खालील ॲपची परवानगी काढा. खाली नाव होतं ‘सिस्टम सर्व्हिस’, दातेरी चाकाच्या चित्रासकट. असं मी काही बसवलं नव्हतं. इन्स्टॉलर शोधला तर त्याचं चित्र कुठे दिसेना.

मागे गिऱ्हाईक खोळंबलं होतं. भाजीवाली म्हणाली, “दादा, ऱ्हाऊ द्या, पुढच्या बुधवारी द्या.” मला ती तोंडओळखीनेच ओळखते. तरी नोट सापडेना म्हणून मी पाकीट उलटंपालटं करत राहिलो. शेवटी उधारीवरच मेथी घेऊन आलो. सहीसुद्धा न देता.

रस्त्यात एकच चित्र डोळ्यांपुढे येत होतं. आमच्या काउंटरच्या काचेवर मीच टाइप करून चिकटवलेला कागद: ‘चॅटवर आलेली लग्नपत्रिका, चलन किंवा योजनेची फाइल एपीके असेल तर उघडू नका. फसवणूक झाल्यास तातडीने 1930 ला फोन करा.’ लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके पाठवून लोकांच्या फोनमध्ये शिरायचे प्रकार वाढले तेव्हा तो लावला होता. पिग्मी एजंटांना उभं करून वाचूनही दाखवला होता.

घरी येऊन ती परवानगी काढायला गेलो. सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या पानावर पोचलो की पान आपोआप मागे जायचं. मी आत, ते बाहेर. पाच-सहा वेळा झालं. आधी वाटलं माझंच बोट कुठेतरी लागतंय. मग फोन टेबलावर ठेवून एकाच बोटाने, सावकाश केलं. पान उघडलं, मी हात वर घेतला, आणि माझ्या डोळ्यांदेखत कोणीतरी ‘मागे’ दाबलं. खोलीत मी आणि आई. अंगावर काटा आला म्हणतात तो हाच असावा. फोनचं इंटरनेट बंद केलं, वायफायही, आणि बायकोच्या फोनवरून भाच्याला बोलावलं.

तो गुरुवारी संध्याकाळी आला. त्याने आधी काही विचारलं नाही, बंद करायचं बटण दाबून धरलं, पडद्यावर ‘पॉवर ऑफ’ आलं त्यावर पुन्हा बोट दाबून ठेवलं. सेफ मोडमध्ये सुरू करायचा का, असं फोनने विचारलं. फोन उठला तेव्हा खालच्या कोपऱ्यात ‘सेफ मोड’ लिहिलेलं. यात बाहेरून बसवलेलं किंवा स्टोअरमधून घेतलेलं कुठलंच ॲप चालत नाही, फक्त फोनबरोबर आलेली चालतात. मागे ओढणारा हात तिथे लुळा पडला. तरी काढून टाकायचं बटण करडंच होतं. “डिव्हाइस ॲडमिन दिलंय ना मामा तुम्ही,” तो म्हणाला. सुरक्षेच्या यादीत जाऊन आधी ते निष्क्रिय केलं, मग ॲक्सेसिबिलिटी काढली, मग ते दातेरी चाक काढलं, मग गाण्याचं ॲप. चहा गार व्हायच्या आत झालं. मला बुधवारची सगळी रात्र झोप नव्हती.

नंतरचं काम लांबलं. भाच्याच्या लॅपटॉपवरून मेलचा पासवर्ड बदलला. मेलच्या सुरक्षेच्या पानावर माझ्या फोनखेरीज आणखी एक उपकरण आत असलेलं दिसत होतं, ते बाहेर काढलं, दोन टप्प्यांची पडताळणी लावली. ज्या ज्या ठिकाणी तो पासवर्ड होता ती ठिकाणं एका वहीत लिहून काढली. सतरा भरली. बँकेत जाऊन मोबाइल बँकिंग बंद करून घेतलं, यूपीआयचा पिन बदलला, महिन्याभराचा उतारा ओळीओळीने तपासला. पैसे गेले नव्हते. का गेले नव्हते हे मी विचारत बसलो नाही. शेवटी फोटो आणि नंबर काढून घेऊन फोन फॅक्टरी रिसेट केला, कारण भाचा म्हणाला, गेलं असेल असं वाटतं पण सही देऊन सांगणार नाही.

पुन्हा ‘सही’. म्हणून त्या रात्री मी त्याला बसवून विचारलं, ही ॲपची सही म्हणजे नक्की काय?

त्याने सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. एपीके म्हणजे खरं तर झिप फाइल. तिच्यात प्रोग्रॅम असतो, चित्रं असतात, आणि ॲपला कोणकोणत्या परवानग्या लागतात त्याची यादी असते. डेव्हलपर या गाठोड्यावर स्वतःच्या गुप्त किल्लीने डिजिटल सही करतो. आतलं एक अक्षर जरी बदललं तरी सही मोडते. मॉड करणारा गाठोडं सोडतो, ‘याने पैसे भरलेत का’ असं तपासणारी ओळ शोधून तिचं उत्तर कायमचं ‘हो’ करून ठेवतो, आणि परत बांधतो. मूळ डेव्हलपरची किल्ली त्याच्याकडे नसते, म्हणून तो स्वतःच्या किल्लीने सही करतो. सहीशिवाय तर फोन काहीच बसवत नाही. गूगलचं बटण चाललं नाही त्याचंही कारण हेच. ते खातं त्या ॲपच्या नोंदलेल्या सहीशी बांधलेलं असतं. सही वेगळी निघाली, गूगलने दार लावून घेतलं. म्हणून मग पासवर्ड हाताने टाकायचा सल्ला.

“पण मग फोनला कसं कळतं की खरी सही कोणाची?” मी विचारलं.

“कळत नाही,” तो म्हणाला. “पहिल्यांदा जी सही आली ती फोन लक्षात ठेवतो. पुढच्या अपडेटला तीच आहे का एवढंच बघतो.”

मी जरा वेळ काही बोललो नाही. अरे, हे तर नमुना सहीचं कार्ड! खातं उघडताना माणूस जी सही करतो ती कार्डावर. सही सुंदर आहे का, खऱ्या नावाची आहे का, आम्हाला काय त्याचं. पुढची प्रत्येक सही त्या पहिलीसारखी असली पाहिजे, बस. फोनने त्या रात्री कार्ड काढून दोन सह्या शेजारी ठेवल्या होत्या आणि स्लिप परत केली होती. चार वेळा. बरोब्बर माझ्यासारखी. मग मी काय केलं? जुनं ॲप काढलं, म्हणजे खातंच बंद केलं, कार्ड फाडलं, आणि त्याच नावाने दुसऱ्या माणसाला नवं खातं उघडून दिलं. त्याची सही हीच आता नमुना सही. फोनचं काही चुकलं नाही.

असं कोणी आमच्या संस्थेत केलं असतं तर मी त्याला निलंबित करा म्हणून लेखी दिलं असतं.

भाचा ओशाळला होता, कारण सुचवलं त्यानेच होतं. तो म्हणत राहिला की मॉड खराब नसतो, तुम्ही चुकीच्या जागेवरून घेतला. हे मला पटलेलं नाही. मॉडवाला कोण, कुठला, त्याची किल्ली कोणाकोणाकडे आहे, हे ‘बरोबर जागे’वालाही सांगू शकत नाही. 2021 मध्ये एफएमव्हॉट्सॲप या लोकप्रिय मॉडच्या एका आवृत्तीत ट्रायडा नावाचं ट्रोजन, म्हणजे कामाच्या ॲपआडून शिरणारं घातक सॉफ्टवेअर, कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना सापडलं होतं, आणि ते जाहिराती दाखवणाऱ्या एका घटकाबरोबर आत आलेलं होतं. पुढच्याच वर्षी योव्हॉट्सॲपमध्येही तेच कुळ सापडलं. म्हणजे लाखो पोरं वापरतात म्हणून निर्धास्त राहावं असं काही नाही. मी त्याला हे सांगितलं तेव्हा त्याने स्वतःच्या फोनकडे बघितलं आणि तो उलटा ठेवला.

पण स्टोअरबाहेरचं सगळंच वाईट असं मी म्हणणार नाही, कारण त्यानेच मला एफ-ड्रॉइड नावाचं ॲप्सचं भांडार दाखवलं. 2010 पासून चालू आहे. तिथे फक्त उघड्या सोर्स कोडची, म्हणजे ज्यांचा मूळ प्रोग्रॅम कोणालाही वाचता येतो अशी ॲप्स असतात आणि बहुतेक ॲप्स ते लोक तो कोड घेऊन स्वतः बांधतात आणि स्वतःची सही करतात. मजा अशी की तिथलं ॲप आणि प्ले स्टोअरवरचं तेच ॲप यांच्याही सह्या बहुधा वेगळ्या असतात आणि एकावर दुसरं बसत नाही. म्हणजे सही वेगळी म्हणून लबाडी असं नाही. फरक इतकाच की तिथे सही करणारा समोर उभा आहे आणि वही उघडी आहे. रिसेट केलेल्या फोनवर तिथून मी एक साधा हिशेबाचा कॅल्क्युलेटर घेतला. जाहिरात नाही, परवानगी एकही मागितली नाही.

गूगलने ऑगस्ट 2025 मध्ये जाहीर केलं की पुढे प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवायचं असलं तरी डेव्हलपरने आपली ओळख गूगलकडे पडताळून घेतलेली असावी, आणि सुरुवात सप्टेंबर 2026 पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड इथे. म्हणजे नुसती नमुना सही नाही, केवायसी. एफ-ड्रॉइडवाल्यांनी याला जाहीर विरोध केला, आणि त्यांचं म्हणणं मला कळतं. आमच्याकडे केवायसी सक्तीची झाली तेव्हा तीस वर्षं खातं असलेल्या म्हाताऱ्यांना मी आधार कार्ड मागितलं होतं. एक जण म्हणाले, “तू मला ओळखत नाहीस का?” ओळखत होतो. तरी मागितलं.

शाखाधिकाऱ्यांना मी सगळं सांगितलं. त्याच फोनवर खातेदारांचे निरोप येत होते, त्यामुळे लपवण्यात अर्थ नव्हता. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. काचेवरच्या कागदात एक ओळ वाढवायला लावली: ‘फुकट प्रीमियम ॲपही नको.’ भाजीवालीचे पैसे पुढच्या बुधवारी रोख दिले. गाण्याच्या ॲपचे महिन्याचे पैसे आता भरतो. आईला फरक कळलेला नाही. ते ब्राझीलचं भजन परत लाव, असं एकदा म्हणाली.

परवा निफाडकडचे एक द्राक्षवाले खातेदार आले. स्लिप हातात, पण आधी फोन पुढे केला. “साहेब, ही पत्रिका आली आहे. उघडू का? पाव्हण्यांकडचं लग्न दिसतंय.” फाइलचं नाव लग्नपत्रिका, शेवटी एपीके. पुसून टाकली. मग त्यांना विचारून सेटिंग्जमध्ये गेलो, अनोळखी ॲप्स बसवायला कोणाकोणाला परवानगी आहे ती यादी काढली. ब्राउझर चालू, फाइल मॅनेजर चालू, चॅटिंगचं ॲप चालू.

“हे कोणी केलं?”

“नातवानं. गेम टाकायचा होता त्याला.”

तिन्ही बंद केले, फोन परत दिला. त्यांनी स्लिप सरकवली. द्राक्षाच्या छाटणीने बोटं आखडलेली, सही पुरती हलली होती. मी कार्ड उघडलं.